'ओपन द लाइट' काही केल्या जात नाही: चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या एका चिवट चुकीवरचे उपाय

तक्रार साधारण अशी असते. विद्यार्थी चांगला मोठा, नोकरीतला, कित्येक वर्षं इंग्रजी शिकलेला. बातम्या वाचतो, ई-मेल लिहितो, ग्राहकांशी फोनवर बोलतो. आणि मध्येच म्हणतो, 'प्लीज ओपन द लाइट.' तुम्ही थांबवता, 'टर्न ऑन' सांगता. तो मान डोलावतो, वहीत लिहून घेतो, पुढची चार वाक्यं बिनचूक म्हणून दाखवतो. पुढच्या तासाला ये रे माझ्या मागल्या: 'इट्स हॉट, कॅन यू ओपन द एअरकॉन?'

मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणाऱ्यांना शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही चूक भेटते. तुम्ही सिंगापुरात किंवा तैपेईत राहून शिकवत असा, पुण्यात बसून ऑनलाइन शिकवत असा, किंवा शिकवत नसाल पण चिनी इंजिनिअरबरोबर मशीन बसवायला उभे राहत असाल, 'ओपन' तुम्हाला सुटत नाही. २०२१ च्या जुलैत चीनने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेणंही बंद केलं. तेव्हापासून ऑनलाइन शिकवणाऱ्यांकडे येतात ते बहुतेक नोकरदार, आणि त्यांच्यात ही चूक मुलांपेक्षा जास्त रुतलेली असते. खाली लिहिलंय ते याच मंडळींना धरून.

आधी हे तपासा

विद्यार्थ्याला 'टर्न ऑन' माहीत नाही का? विचारून बघा. माहीत असतं. 'दिवा लावणे याला इंग्रजीत काय म्हणतात?' असं शांतपणे विचारलं तर दहातले नऊ जण बरोबर उत्तर देतील. म्हणजे अर्थ पुन्हा समजावणं, 'ओपन'चे सोळा अर्थ फळ्यावर लिहिणं, शब्दकोश उघडायला लावणं हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ज्ञान आहे. घाईत बोलताना ते हाताशी येत नाही, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येतं.

ते दुसरं म्हणजे 'खाय'. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, हा शब्द 'के' या अक्षराने लिहितात, पण उच्चार आपल्या ख-चा. (पिनयिनमधला 'के' म्हणजे आपला ख आणि 'जी' म्हणजे आपला क. क आणि ख वेगळे ऐकायची सवय मराठी कानाला जन्मापासून असते, त्यामुळे इथे आपण इंग्रजांपेक्षा बरे पडतो.) खाय हे क्रियापद चिनी माणूस दिवसभर वापरतो. दार खाय, खिडकी खाय, इथपर्यंत ते आपलं 'उघडणे'च आहे. पण दिवाही खाय, टीव्ही खाय, कॉम्प्युटर खाय, एसी खाय. गाडी चालवायची तरी खाय, विमान उडवायचं तरी खाय. बैठक भरवायची, बिल फाडायचं, डॉक्टरांनी औषध लिहून द्यायचं, कंपनी काढायची, थट्टा करायची, गोळी झाडायची, माणसाला नोकरीवरून काढायचं, सगळीकडे खाय हजर. फुलं उमलतात तेव्हा खाय आणि पाण्याला उकळी फुटते तेव्हाही खाय.

या सगळ्यात समान काय, ते जुन्या अक्षराकडे पाहिलं की लगेच दिसतं. पारंपरिक लिपीत, म्हणजे तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही लिहितात त्या रूपात, हे अक्षर म्हणजे दोन फळ्यांचं दार, आत आडवा अडसर आणि तो काढणारे दोन हात. चीनमध्ये १९५० च्या दशकात लिपी सोपी केली, तेव्हा दार गेलं आणि अडसर-हात तेवढे उरले. आता हे विचित्र वाटेल, पण शब्दाच्या वापराला ते नवं रूपच जास्त शोभतं. खाय म्हणजे अडलेलं मोकळं करणं, थांबलेलं सुरू करणं. दार हा त्याचा एक नमुना झाला.

आणि विजेचं बटण? त्याला चिनीत म्हणतात 'खाय-क्वान'. क्वान म्हणजे बंद करणे. म्हणजे बटणाचं नावच 'उघड-बंद'. रोज शंभर वेळा जी वस्तू दाबायची तिचंच नाव असं असेल, तर इंग्रजी बोलताना 'ओपन-क्लोज' तोंडात येणार नाही तर काय!

मग ती जात का नाही

इथेच घोडं पेंड खातं. खायचे इतके उपयोग आहेत, पण सगळ्यांच्या चुका टिकत नाहीत. 'ओपन द कार' म्हणणारा विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर सहसा भेटत नाही. कारण 'आय ओपन कार टू ऑफिस' म्हटलं की समोरचा गोंधळतो, 'सॉरी?' म्हणतो, आणि पुढच्या वेळी 'ड्राइव्ह' येतं. 'डॉक्टरने औषध ओपन केलं' हेही असंच लवकर गळतं. दिव्याचं, एसीचं, टीव्हीचं 'ओपन' मात्र राहतं, कारण ते सगळ्यांना कळतं. तुम्ही उठता आणि दिवा लावता. बोलणाऱ्याचं काम झालं. आता त्याच्या मेंदूने ती सवय का म्हणून मोडावी?

१९७२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी अशा रुतून बसलेल्या चुकांसाठी 'फॉसिलायझेशन' (जीवाश्मासारखं दगड होऊन बसणं) हा शब्द वापरला, आणि तेव्हापासून तो शिक्षकांच्या तोंडी आहे. शब्द चांगला आहे, पण त्याने हात टेकायला निमित्त मिळतं. दिव्याच्या बाबतीत तरी माझा अनुभव वेगळा आहे. चूक समजली जाते तोवर ती राहते. तिच्यामुळे काहीतरी भलतंच घडायला लागलं की ती हलते.

एक अडचण आपल्या बाजूची

उपायाकडे जाण्यापूर्वी मराठी शिक्षकाने आपला कान तपासून घेतलेला बरा. 'ओपन द फॅन' आपल्याला लगेच खटकतं, कारण आपण पंखा उघडत नाही, लावतो. पण विद्यार्थी 'क्लोज द फॅन' म्हणाला तर? ते कानावरून सरळ निघून जातं. दार बंद, दिवा बंद, पंखा बंद, दुकान बंद, मोबाइल बंद. सगळीकडे एकच 'बंद', अगदी चिनी क्वानसारखं. म्हणून आपल्याकडेही 'क्लोज द लाइट', 'क्लोज द फॅन' सर्रास ऐकू येतं. परिणाम असा की मराठी शिक्षकाच्या हाताखालच्या विद्यार्थ्याचं 'ओपन' सुधारतं आणि 'क्लोज' तसंच राहतं. मग तो म्हणतो, 'टर्न ऑन द लाइट, अँड आफ्टर दॅट क्लोज इट.' अर्धी चूक सुधारली की उरलेली अर्धी आणखी घट्ट होते. दोन्ही एकदमच धरा.

तसं 'लावणे' हे आपलंही एक खायच आहे. दिवा लाव म्हणजे सुरू कर आणि दार लाव म्हणजे बंद कर! विद्यार्थ्याला हे सांगून बघा. आपलीच भाषा तेवढी विचित्र नाही हे कळलं की माणूस जरा सैल होतो, आणि चूक काढल्यावर ओशाळत नाही.

उपाय पहिला: शब्दशः ऐकायचं

तैपेईतल्या एका व्यापारी कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या बाई माझ्याकडे शिकत होत्या. इंग्रजी उत्तम, 'ओपन' अढळ. एका तासाला मी टेबलावरचा दिवा कॅमेऱ्यासमोर ओढला आणि सांगितलं, आज तुम्ही हुकूम सोडायचे आणि मी ते पाळायचे. त्या म्हणाल्या, 'ओपन द लॅम्प.' मी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दिव्याची टोपी खोलायला लागलो. पहिला स्क्रू निघेपर्यंत त्या गप्प होत्या. दुसऱ्याला हात घातला तशा ओरडल्या, 'नो, नो, व्हॉट आर यू डूइंग! टर्न... टर्न इट ऑन!'

'टर्न इट ऑन' त्यांनी स्वतः शोधून काढलं, मी सांगितलं नाही, हे महत्त्वाचं. मग रेडिओ. 'ओपन द रेडिओ' म्हटलं की मी मागचं सेलचं झाकण काढायचो. 'क्लोज द फॅन' म्हटलं की पंख्यावर कापड घालायचो. थोडा पोरखेळ वाटतो खरा, आणि अधिकारी मंडळींपुढे करताना संकोचही वाटतो. पण आजवर कुणाला त्याचा राग आलेला पाहिला नाही.

हा खेळ ऑनलाइन तासाला विशेष चांगला जमतो, कारण तुमच्या खोलीतली वस्तू विद्यार्थी स्वतःच्या हाताने लावू शकत नाही. त्याला बोलूनच काम करून घ्यावं लागतं. समोरासमोरच्या वर्गात तो बोट दाखवतो, हाताने बटण दाबल्यासारखं करतो आणि सुटतो.

उपाय दुसरा: क्रियापदाकडून नाही, वस्तूकडून

शब्दकोश 'ओपन'खाली सगळे अर्थ देतो. विद्यार्थ्याला अडचण येते ती उलट्या बाजूने: त्याच्या मनात आधी वस्तू असते, एसी, आणि तिला कुठलं क्रियापद जोडायचं ते हवं असतं. म्हणून वहीची रचनाच उलटी करायला लावा. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिच्याबरोबर चालणारं क्रियापद, आणि चिनी भाषांतर कुठेही नाही. एसी, दिवा, हीटर, टीव्ही यांना टर्न ऑन. दार, खिडकी, छत्री, डबा, पाकीट, डोळे, तोंड यांना ओपन. गाडीला ड्राइव्ह. बैठकीला हॅव किंवा होल्ड. बिलाला इश्यू. विनोदाला मेक किंवा टेल, आणि कुणाची थट्टा चालली असेल तर नुसतं किडिंग.

घाईत ठरवता येत नसेल तर एकच प्रश्न पुरतो: यात हलणारं काही आहे का, जे बाजूला झालं की आतलं दिसतं? झाकण, फळी, पडदा, घडी, पाकळी? असेल तर ओपन. नसेल आणि ते विजेवर चालत असेल तर टर्न ऑन. पाण्याचा नळ मधोमध पडतो. रोजच्या बोलण्यात 'टर्न ऑन द टॅप', पण पाइपलाइनवरचा मोठा व्हॉल्व्ह 'ओपन' करतात, आणि नळाला कुणी ओपन म्हटलं तर मी अडवत नाही.

पुस्तकातलं पान ही एक बारीक मेख. चिनीत 'दहावं पान उघडा' म्हणतात, मराठीतही म्हणतात, म्हणून वर्गात 'ओपन पेज टेन' ऐकू येतं आणि शिक्षकही तेच म्हणतो. इंग्रजीत उघडतं ते पुस्तक. पानाकडे वळतात: 'टर्न टू पेज टेन'.

'टर्न ऑन इट' म्हणायला लागले तर

हा दुष्परिणाम येतोच. 'टर्न ऑन' एक शब्द म्हणून पाठ झाला की विद्यार्थी 'इट' शेवटी टाकतो. व्याकरणाचा नियम सांगण्यापेक्षा त्यांच्याच भाषेतली एक वाट वापरा. चिनीत 'पा' नावाचा एक छोटा शब्द आहे. त्याने वस्तू उचलून क्रियापदाच्या आधी आणता येते आणि काय परिणाम झाला ते शेवटी सांगता येतं: 'पा तंग ता-खाय', म्हणजे साधारण 'दिवा घेऊन, दाब-चालू'. बंद करायचा तर 'पा तंग क्वान-त्याव'. शेवटचं ते 'खाय' आणि 'त्याव' म्हणजेच इंग्रजीतलं ऑन आणि ऑफ, परिणाम सांगणारी शेपूट. वस्तू शेपटीच्या आधी येते. 'टर्न द लाइट ऑन', 'टर्न इट ऑफ'. हे एकदा दाखवलं की बऱ्याच जणांचा चेहरा उजळतो, कारण पा-वाली रचना त्यांना झोपेतही येते. सुरुवातीला मी 'टर्न ऑन द लाइट' हा क्रम शिकवतच नाही, ऑन कायम शेवटी. दोन्ही बरोबर आहेत हे नंतर आपोआप कळतं.

बैठक

ही चूक दिव्यापेक्षा महागात पडू शकते. 'आय एम ओपनिंग अ मीटिंग, आय विल कॉल यू लेटर.' चिनी माणसाला म्हणायचंय, मी बैठकीत आहे. इंग्रजी कानाला ऐकू येतं, ही बाई सभा सुरू करून देतेय, म्हणजे बहुधा अध्यक्षस्थानी आहे. तैपेईच्या त्याच बाई असं लिहायच्या, आणि परदेशी ग्राहक त्यांना 'काय निर्णय घेतलात?' असं विचारत. त्या तर कोपऱ्यात बसून टिपणं घेत असायच्या.

इथे स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. एक ठरलेलं वाक्य फोनच्या शॉर्टकटमध्ये भरून ठेवायला सांगा: 'आय एम इन अ मीटिंग.' काही चुकांना शिकवण्यापेक्षा टायपिंगची सोय लवकर सुधारते.

पाण्याचं थोडक्यात. उकळलेल्या पिण्याच्या पाण्याला चिनीत 'खाय-श्वे' म्हणतात. त्यातूनच गरम पाण्याच्या खोलीबाहेर 'ओपन वॉटर रूम' अशा पाट्या लागल्या. अशा पाट्या बदलण्याची मोहीम २००८ च्या ऑलिंपिकआधी बीजिंगमध्ये झाली, आणि सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजीसाठी चीनचं राष्ट्रीय मानक २०१७ च्या डिसेंबरपासून लागू झालं. बोलण्यात ही चूक कमी येते. 'हॉट वॉटर' सगळ्यांना येतं.

दुकान 'ओपन' की 'ओपन्ड'?

याचा खायशी संबंध थोडा, दोष जास्त इंग्रजीचाच. दुकान बंद असेल तर 'क्लोज्ड', शेवटी ड. मग चालू असेल तर 'ओपन्ड' का नाही? विद्यार्थ्याचा तर्क बिनतोड आहे, आणि 'द शॉप इज ओपन्ड' तिथूनच येतं. इंग्रजीत 'ओपन' हे विशेषण म्हणून जसंच्या तसं वापरतात. 'क्लोज' मात्र विशेषण झालं की अर्थ होतो जवळ, आणि उच्चारही बदलतो, शेवटी स. म्हणून 'द शॉप इज क्लोज' म्हणजे दुकान इथून जवळ आहे. आपल्याकडच्या दुकानांवरही 'क्लोज'च्या पाट्या दिसतात, तेव्हा यात चिनी मंडळींनाच हसण्यात अर्थ नाही.

मराठी माणसाला 'ओपन'ची बाजू सोपी जाते. उघडं आणि उघडलं हे आपण वेगळं म्हणतो: दार उघडं आहे, दार उघडलं. चिनी विद्यार्थ्यासाठी खूण अशी आहे: चिनीत जिथे तो 'खाय-च' म्हणेल, म्हणजे उघडलेल्या स्थितीत असलेलं, तिथे इंग्रजीत 'इज ओपन'. जिथे 'खाय-ल', म्हणजे उघडण्याचं काम घडलं, तिथे 'ओपन्ड'. शंभर टक्के लागू पडत नाही, पण कामापुरतं पडतं.

हे तोंडी तपासू नका. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी न आणि ङ या दोन अनुनासिकांखेरीज व्यंजन जवळपास येतच नाही, जोडाक्षर तर नाहीच. त्यामुळे 'ओपन्ड'मधला ड तोंडातच विरतो. मनात बरोबर असेल तरी तुम्हाला 'ओपन' ऐकू येईल, मनात चूक असेल तरी तेच. लिहून घ्या.

जिथे चूक वाटते, पण नाही

सुधारण्याच्या भरात बरोबर वाक्यं खोडू नका. मोबाइल आणि कॉम्प्युटरने हा प्रांत बराच गढूळ केलाय. उपकरण टर्न ऑन होतं, पण अॅप ओपन होतं, फाइल ओपन होते, लिंक ओपन होते. 'ओपन द कॅमेरा' म्हणजे फोनवरचं कॅमेऱ्याचं अॅप सुरू कर, हे अगदी बरोबर. ऑनलाइन बैठकीत 'ओपन युवर कॅमेरा' मात्र नको, तिथे 'टर्न ऑन'. 'ओपन द लॅपटॉप' म्हणजे झाकण उचल, 'टर्न ऑन द लॅपटॉप' म्हणजे बटण दाब, दोन्ही चालतात पण कृती वेगळ्या. दुरुस्तीवाल्याला फोनवर 'प्लीज ओपन द कॉम्प्युटर' सांगितलंत तर तो खरोखरच स्क्रू काढेल. आणि 'ओपन वायफाय' म्हणजे पासवर्ड नसलेलं वायफाय. ऑफिसात 'आय ओपन्ड द वायफाय' म्हणून बघा, आयटीवाला धावत येईल.

माणसाबद्दल बोलताना एक खबरदारी. चिनीत 'खाय-फांग' हा शब्द १९७८ नंतरच्या आर्थिक धोरणाच्या नावात आहे, सुधारणा आणि खुलेपणा, आणि तिथे तो पूर्ण प्रतिष्ठित आहे. तोच शब्द एखाद्या व्यक्तीबद्दल, विशेषतः बाईबद्दल, वापरला तर स्त्री-पुरुष संबंधांत सैल असा वास येऊ शकतो. त्यामुळे इंग्रजीत कुणी 'यू आर व्हेरी ओपन' असं कौतुकाने म्हटलं तर चिनी विद्यार्थिनी गोरीमोरी होते. तिला सांगा, इंग्रजीत याचा अर्थ मनमोकळी एवढाच आहे. नवे विचार ऐकून घेणारी असं म्हणायचं असेल तर 'ओपन-माइंडेड' म्हणा, तिथे संशयाला जागा उरत नाही.

जिथे चूक चालणारच नाही

इलेक्ट्रिकल पॅनलची खोली. हा भाग कारखान्यात चिनी तंत्रज्ञांबरोबर काम करणाऱ्यांनी नीट वाचावा.

विजेच्या भाषेत 'ओपन सर्किट' म्हणजे तुटलेला मार्ग, प्रवाह नाही. 'ओपन द ब्रेकर' म्हणजे ब्रेकर पाड, वीज तोड. 'क्लोज द ब्रेकर' म्हणजे जोड, वीज चालू. रोजच्या बोलण्याच्या बरोबर उलट. आता पॅनलसमोर तीन माणसं उभी आहेत असं धरा. चिनी व्यवस्थापक 'ओपन इट' म्हणतो, त्याच्या मनात खाय, म्हणजे चालू कर. आयटीआय झालेला आपला इलेक्ट्रिशियन ते पुस्तकी अर्थाने घेतो आणि ब्रेकर पाडतो. इथपर्यंत फक्त वेळ जातो. उलटं घडलं तर? इलेक्ट्रिशियन 'क्लोज करतोय' म्हणाला आणि आत हात घातलेल्या मदतनिसाने ते 'बंद करतोय' असं ऐकलं, तर जीव जाईल. मराठीचं 'बंद' आणि चिनीचं क्वान, दोघेही इथे एकाच चुकीच्या बाजूला ओढतात.

गंमत म्हणजे चिनी इलेक्ट्रिशियन स्वतः ब्रेकर जोडण्या-तोडण्यासाठी खाय आणि क्वान सहसा वापरत नाही. त्यांच्या पॅनलवर दोन अक्षरं असतात: एकाचा अर्थ वेगळं करणे, दुसऱ्याचा जोडणे. गोंधळ होतो तो बाकीच्यांच्या इंग्रजीत. म्हणून पॅनलजवळ ओपन आणि क्लोज हे दोन्ही शब्द तोंडातून काढायचेच नाहीत, कुणाचीही मातृभाषा कुठलीही असो. ऑन आणि ऑफ एवढंच. बोट ठेवून दाखवायचं: उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. आणि आत काम चालू असेल तर कुलूप लावून टॅग टांगल्याशिवाय कुणाच्याच शब्दावर विसंबायचं नाही.

जिथे सोडून द्यावं

सिंगापुरात 'ओपन द लाइट' ही चूक म्हणायची की स्थानिक बोली, यावर तिथले लोकच भांडतात. तिथल्या चिनी वस्तीच्या जुन्या बोली म्हणजे होक्कियन, तिओच्यू आणि कँटोनीज. या बोलींतही दिवा 'उघडतात'च, आणि मलायमध्येसुद्धा उघडण्याचाच शब्द दिव्याला लावतात. चारी बाजूंनी एकच ओढ असताना इंग्रजी वेगळं कसं राहील? सरकारने २००० मध्ये चांगल्या इंग्रजीची मोहीम सुरू केली, पण खाणावळीत पंखा अजून 'ऑन द फॅन' आणि 'ऑफ द फॅन' असाच चालतो. फिलिपाइन्समध्ये दिवा ओपन करतात, ग्रीक माणूस ग्रीकमध्ये दिवा उघडतो, कॅनडाच्या क्वेबेकमधला फ्रेंच भाषकही उघडतो. इतक्या लोकांनी उघडलेला दिवा वेडेपणा नक्कीच नाही.

म्हणून विद्यार्थ्याला विचारा, इंग्रजी हवंय कशासाठी? आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचा बोलण्याचा भाग असेल, लंडनच्या ग्राहकाशी फोन असेल, तर वरचं सगळं करा. सिंगापुरातल्या सासूबाईंशी बोलायचं असेल तर राहू द्या, त्यांना 'टर्न ऑन'च शिष्ट वाटेल.

सुटली की नाही, हे कसं ओळखायचं

तासाला विचारून ओळखता येत नाही, हे वर आलंच. परीक्षेतली रिकामी जागाही उपयोगाची नाही, तिथे सगळे विचार करून भरतात. विद्यार्थ्याने घाईत पाठवलेले मेसेज आणि व्हॉइस नोट बघा, विशेषतः त्याचं लक्ष दुसरीकडे असतानाचे: तास उशिरा सुरू होतोय, आवाज येत नाहीये, मूल मागे रडतंय. 'वेट, आय ओपन माय मायक्रोफोन' आलं तर अजून वेळ आहे. 'वेट, आय ओप... टर्न ऑन' असं मध्येच अडखळून आलं तर टोकू नका, काम होत आलंय. त्या अडखळण्याला बरेच शिक्षक चूक समजतात आणि पुन्हा अर्थ समजावायला बसतात, आणि विद्यार्थी परत पहिल्या पायरीवर जातो.

सुट्टीवरून आल्यावर चूक परतते. चिनी नववर्षाच्या सुट्टीत दिवसेंदिवस फक्त घरची भाषा कानावर पडलेली असते, त्यामुळे पहिल्या तासाला 'ओपन' आलं तर नव्याने उपचार सुरू करायची गरज नाही. दिवा कॅमेऱ्यासमोर ओढा आणि स्क्रू-ड्रायव्हर नुसता हातात घ्या. बहुतेकांना तेवढं पुरतं.